कोकणातल्या कॉलेजात मुलींचा कबड्डी संघ कसा चालवायचा

कोकणात मुलींच्या कबड्डीला खेळाडू कमी पडत नाहीत. वाडीवाडीत मंडळ असतं, शाळकरी मुली अंगणात चढाया करतात, आणि भातकापणी उरकली की प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात. तरी तालुक्याच्या कॉलेजचा संघ दर दोन-तीन वर्षांनी मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. घोडं खेळात अडत नाही. शेवटची एसटी सव्वापाचला सुटते आणि सराव साडेचारला सुरू होतो. सामन्याच्या दिवशीच प्रात्यक्षिक परीक्षा लागते. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव कॉलेजातल्या नावाशी जुळत नाही. चढाई-पकड शिकवणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांच्या मागे राहून माणसं, पैसे आणि हजेरी सांभाळायची असतात, त्या कामाची ही रीत.

आधी विद्यापीठ कुठलं ते बघा

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाची आहेत. पण शेजारचं अभियांत्रिकीचं कॉलेज लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचं असू शकतं, शेतीचं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि मुलींचं एखादं कॉलेज महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं. एका मंडळात रोज एकत्र खेळणाऱ्या मुली अशा वेगवेगळ्या विद्यापीठांच्या निघतात. सरावाला त्यांना खुशाल बोलवा, समोर तगडा संघ मिळतो. प्रवेशिकेत मात्र फक्त आपल्या कॉलेजच्या पटावरची मुलगी चालते.

दुसरी गल्लत अकरावी-बारावीची. ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज एकाच आवारात असलं तरी बारावीपर्यंतच्या मुली जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा खेळतात. पदवीच्या संघात त्या बसत नाहीत. बारावीतली चांगली मुलगी पुढच्या वर्षी आपल्याकडेच यावी असं वाटत असेल, तर तिला आत्तापासून सरावाला घ्या आणि पालकांशी मार्चआधी बोला. निकालानंतर बोलायला गेलात तर ती शहरातल्या मावशीकडे राहायला गेलेली असते.

मुंबई विद्यापीठात आधी विभागाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, मग आंतरविभागीय. तिथून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ निघतो. तो पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि वर आला तर अखिल भारतीयला. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्यातही कबड्डी आहे.

आंतरविद्यापीठ स्पर्धांची पात्रता भारतीय विश्वविद्यालय संघ ठरवतो. १ जुलैला वय १७च्या वर आणि २५च्या खाली हवं, बारावी होऊन ८ वर्षांहून जास्त काळ लोटलेला नसावा, आणि मुलगी नियमित, पूर्णवेळ अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी असावी. मुक्त किंवा दूरशिक्षणाची चालत नाही.

जुलैची फाईल

प्रवेश संपले की प्रत्येक मुलीची एक प्लॅस्टिकची फाईल करा: जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, कॉलेजचं ओळखपत्र, आधार आणि एकाच वेळी काढलेले सहा फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद मुलीकडे परत द्या आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोजून घ्या.

मग दहावीचं प्रमाणपत्र हातात धरून बाकी सगळे कागद अक्षरन् अक्षर ताडून बघा. सावंतमधला ‘व’ एका कागदावर डब्ल्यूने आणि दुसऱ्यावर व्हीने, मयूरीतला ‘यू’ एकीकडे एका यूने आणि दुसरीकडे दोन ओंनी, वडिलांच्या नावापुढे कुठे ‘राव’ आहे, कुठे नाही. वाडीत याने काही अडत नाही, पण पात्रतेच्या टेबलावर समोरच्या संघाने हरकत घेतली की बाराची अकरा होते. दुरुस्ती कॉलेजच्या कार्यालयातून होणारी असेल तर जुलैतच अर्ज द्या. लग्न झालेल्या मुलीने आधारवर नाव बदललेलं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत फाईलला लावा. मध्ये वर्ष गेलेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिष्यवृत्तीमुळे फी पावतीवर किरकोळ रक्कम दिसत असेल तर सोबत बोनाफाईड जोडा, म्हणजे ‘फी भरलेली नाही’ असा वाद उद्भवत नाही.

प्रवेशिकेवर प्राचार्यांचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडायला हवा. फोटो चिकटवून झाल्यावर शिक्का मारा. आधी शिक्का आणि मग फोटो असं केलेली प्रवेशिका टेबलावर लगेच ओळखू येते.

माणसं

शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट, आणि वर धावण्याची चाचणी लागते: तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रीला ८ मिनिटांत १००० मीटर. हे पद रिकामं असेल तर मराठीच्या किंवा वाणिज्यच्या प्राध्यापकांकडे ‘क्रीडा समन्वयक’ म्हणून काम येतं. त्याला हरकत नाही. कागद सांभाळणारा माणूस खेळाडूच असला पाहिजे असं नाही. पण प्राचार्यांचा लेखी आदेश घ्या. खेळाडूंच्या हजेरीचं पत्र कोण काढणार, किती रकमेपर्यंत उचल मिळणार, आणि समन्वयकाचे आठवड्याचे किती तास कमी होणार, हे त्यात स्पष्ट हवं. तोंडी जबाबदारी पहिल्या परीक्षा-ड्युटीला कोलमडते.

प्रशिक्षक बहुधा गावातल्या मंडळाचे दादा असतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, पदविकाधारक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेलं कोणी जिल्ह्यात आहे का बघा. मानधन महिन्यावर ठरवू नका, सत्रावर ठरवा. सरावाच्या वहीत तारीख, वेळ, हजर मुली आणि खाली प्रशिक्षक व कर्णधार दोघांच्या सह्या. या वहीवरून मानधन निघतं आणि पुढे हीच वही श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिटच्या, कामाला येते, तेव्हा ती सुट्या कागदांवर ठेवू नका.

मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापिका असलीच पाहिजे. ती ऑगस्टमध्ये ठरवा. स्पर्धेच्या आदल्या रात्री ‘मॅडम, तुम्ही जाल का’ असं विचारून पाठवलेल्या मॅडमना मुलींची नावंही ठाऊक नसतात, मग घरून फोन आला की पालकांना काय सांगणार? तिने आठवड्यातून एकदा तरी सरावाला बसावं.

व्हॉट्सअॅप ग्रुप एकच असावा आणि व्यवस्थापिका त्यात असावी. प्रशिक्षकाने मुलींना स्वतंत्र मेसेज करायचे नाहीत, अगदी सरावाची वेळ बदलली तरी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने कॉलेजात जी अंतर्गत समिती असते तिच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर पहिल्याच बैठकीत मुलींना द्या, प्रशिक्षकांच्या समोर द्या. भल्या माणसाला याचा राग येत नाही.

कर्णधार मैदानावरची. वही, पाणी आणि किटची मोजदाद दुसऱ्या मुलीकडे द्या, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या, कारण तिसऱ्या वर्षाची मुलगी दिवाळीनंतर प्रोजेक्टमध्ये बुडालेली असते.

वेळ एसटी ठरवते

निवड चाचणीच्या दिवशी प्रत्येक मुलीकडून दोन गोष्टी लिहून घ्या: शेवटची गाडी किती वाजता, आणि थांब्यावरून घर चालत किती मिनिटं. आगारातल्या फलकावरची वेळ घेऊ नका, मुलगी सांगेल ती घ्या. पावसाळ्यात आतल्या रस्त्याच्या फेऱ्या बदलतात. सगळ्यात लवकरची गाडी सव्वापाचची असेल तर सराव तीन ते सव्वाचार, आणि साडेचारला मुली कपडे बदलून फाटकाबाहेर. एका मुलीची गाडी चुकली की पुढच्या आठवड्यात तिच्या वाडीतल्या तिघी येत नाहीत. वसतिगृहातल्या आणि गावातल्या मुलींसाठी सकाळी सात ते सव्वाआठ वेगळं सत्र ठेवता येतं, पण आठवड्यातून दोन दिवस सगळा संघ एकत्र खेळलाच पाहिजे, नाहीतर हातात हात धरून करायची साखळी पकड जमत नाही.

वर्षाचा हिशोबही इथला धरा. जून-जुलैत लावणी असते, निम्म्या मुली शेतात. तेव्हा फक्त कागद आणि निवड. गणपतीत दीड दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत कोणाच्या घरी कधी विसर्जन ते विचारून ठेवा आणि सरळ सुट्टी द्या. ऑक्टोबरात भातकापणी आणि सत्र परीक्षा एकत्र येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्रीच्या खुल्या स्पर्धा, त्यात मंडळं मुलींना घेऊन जातात. अडवू नका, ऐकणार कोणी नाही. पण विद्यापीठाच्या सामन्याआधीचे सात दिवस खेळायचं नाही, एवढं मंडळाच्या अध्यक्षांकडून कबूल करून घ्या. शिमग्यात पालखी गावात असेपर्यंत कोणी येत नाही, आणि त्यानंतर परीक्षाच.

मैदान आणि मॅट

मुलींचं मैदान १२ × ८ मीटर. दोन्ही बाजूंची एक-एक मीटर राखीव पट्टी या आठातच येते. मध्यरेषेने सहा-सहा मीटरचे दोन भाग. मध्यरेषेपासून तीन मीटरवर निदानरेषा, म्हणजे चढाई करणारीला ओलांडावीच लागते ती, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. अंतिम रेषेमागे दोन मीटरवर बाद खेळाडूंची बैठक, ६ × १ मीटरची. आखताना चारही बाजू मोजून भागत नाही, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण १४.४२ मीटर भरले तरच कोपरे काटकोनात आहेत. हे न केल्याने एका बाजूची निदानरेषा वीतभर पुढे येते आणि चढाई करणारीला सवय चुकीची लागते.

मातीवर सराव असेल तर जांभ्याचे खडे हा पहिला शत्रू. वरचा अर्धा फूट थर काढून माती बारीक चाळणीने चाळा, त्यात थोडी नदीची वाळू आणि लाकडाच्या वखारीतला भुसा मिसळा, पाणी मारून हलका रोलर फिरवा. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका; शिंपल्यांचे तुकडे गुडघे फाडतात आणि मिठामुळे जमीन ओल धरून राहते. रेषा फक्कीने मारा. चुना नको, ओल्या अंगाला आणि डोळ्याला भाजतो.

विभागीय सामने पाऊस पुरता ओसरायच्या आत लागले तर मातीवरचा सराव पुरत नाही, सभागृहात मॅट हवी. एक मीटरच्या चौरस फळ्या, मैदानाच्या ९६ आणि चारही बाजूंना एक-एक मीटर मोकळी जागा धरली तर १४ × १० म्हणजे १४०. एवढ्या एकदम परवडत नसतील तर आधी ७० घेऊन अर्ध्या मैदानाचा सराव करा. पकडीचा सराव अर्ध्या मैदानावरच होतो.

मॅट इथे खेळून कमी आणि हवेने जास्त खराब होते. घाम पुसून न घेता थप्पी लावली की दोन आठवड्यांत पांढरी बुरशी धरते, आणि ओल्या थप्पीच्या वजनाने कडेचे दाते वाकतात. मग फळ्या नीट बसत नाहीत, सांध्यावर पायाचा अंगठा अडकतो आणि घोटा मुरगळतो. सरावानंतर कोरड्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसून पंख्याखाली उभ्या करून वाळवा. उन्हात नको, फळ्या आकसतात. साठवण जमिनीवर नको, लाकडी फळीवर. उंदीर फोम कुरतडतो म्हणून खोलीची जाळी आधी तपासा. रेषांच्या चिकटपट्ट्या दमट मॅटवर टिकत नाहीत. जागा कोरडी पुसून, अर्धा तास पंखा लावून मग चिकटवा.

मॅटवर बूट लागतात. मातीवर अनवाणी खेळलेल्या मुलीला बुटात वळताना अंदाज चुकतो आणि गुडघ्यावर ताण येतो, म्हणून बूट स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, किमान तीन आठवडे आधी द्या.

पैसे

जिमखाना फी हा एकमेव खात्रीचा पैसा. ती सगळ्या खेळांत वाटली जाते, म्हणून जुलैत जिमखाना समितीची बैठक व्हायच्या आधी आपलं अंदाजपत्रक लेखी द्या. बैठकीनंतर दिलेलं अंदाजपत्रक ही विनंती असते.

नमुन्याचा एक हिशोब मांडतो. दर तुमच्या गावचे घाला, मांडणी हीच ठेवा. सराव १५ मुलींचा, स्पर्धेला १२ मुली, व्यवस्थापिका आणि प्रशिक्षक असे १४ जण.

प्रशिक्षकाचं मानधन, ६० सत्रं × ५०० : ३०,००० रुपये
सरावानंतरचा खाऊ, १५ मुली × ६० दिवस × २५ : २२,५००
जर्सी आणि शॉर्ट, १५ × ६०० : ९,०००
बूट, १५ × ९०० : १३,५००
गुडघ्याच्या कॅप, १५ × २५० : ३,७५०
विभागीय स्पर्धेचा एसटी प्रवास : ३,०००
तिथलं दोन दिवसांचं जेवण, १४ × २ × ३०० : ८,४००
आंतरविभागीय, मुंबईचा रेल्वे प्रवास, १४ × ३०० × जाऊन-येऊन : ८,४००
मुंबईतलं तीन दिवसांचं जेवण, १४ × ३ × ३५० : १४,७००
मुंबईतली लोकल, टॅक्सी, सामान : ३,०००
प्रथमोपचार पेटी : ३,५००
प्रवेश शुल्क, झेरॉक्स, फोटो : २,५००

बेरीज १,२२,२५० रुपये. त्यावर दहा टक्के राखीव १२,२२५, म्हणजे एकूण १,३४,४७५. राखीव रक्कम कोणी कापायला लागलं तर जर्सी कापू द्या, राखीव नको. एक्स-रे आणि रात्रीची रिक्षा याच पैशातून होते. आणि खाऊ तर अजिबात कापू देऊ नका. मुलगी सकाळी सहाला पेज पिऊन निघालेली असते, डबा बाराला संपतो, आणि तीनला ती चढाईला उभी राहते. दोन केळी, शेंगदाणे-गूळ किंवा उकडलेलं अंडं एवढ्यावर सराव टिकतो.

एसटीच्या भाड्यात १७ मार्च २०२३पासून महिलांना ५० टक्के सवलत आहे. संघातल्या मुलींचं आणि व्यवस्थापिकेचं तिकीट अर्धं धरा, प्रशिक्षक पुरुष असेल तर त्याचं पूर्ण. प्रासंगिक कराराच्या, म्हणजे अख्खी भाड्याने घेतलेल्या, गाडीला हा हिशोब लावू नका, ती किलोमीटरवर पडते. रोजच्या जाण्यायेण्याला विद्यार्थी पास आहे, त्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. पासावर ज्या थांब्याचं नाव आहे तो मैदानाच्या जवळचा आहे ना, एवढं पाहून घ्या.

उरलेला पैसा बाहेरून. कोकणात त्याचे दोन झरे. एक मुंबईकर मंडळ: गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, तेव्हा मंडळाच्या सभेत जाऊन ‘मदत करा’ म्हणू नका, ‘बारा जोड बूट हवेत’ म्हणा. वस्तू मागितली की हात आखडता येत नाही. दुसरा, लोटे, महाड, रोहा अशा औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यतेच्या खेळांचं प्रशिक्षण आहे, म्हणून मॅटचा प्रस्ताव त्यात बसतो. पण तो संस्थेच्या नावाने जातो, आणि संस्थेकडे आयकराच्या १२-ए आणि ८०-जी, आणि सीएसआरचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते. आधी संस्थेच्या कार्यालयात जाऊन हे तीन कागद आहेत का ते बघा. बऱ्याच ठिकाणी पहिले दोन असतात आणि तिसऱ्याची आठवण कोणाला नसते.

देणगी संस्थेच्याच खात्यात, पावतीनिशी. समन्वयकाच्या जीपेवर एक रुपयाही नको, माणूस कितीही सचोटीचा असो. खरेदीला तीन दरपत्रकं. स्पर्धेची उचल घेतली की परतल्यावर आठवड्याच्या आत बिलं लावून हिशोब द्या. मागची उचल बाकी असेल तर पुढची मिळत नाही, आणि पुढच्या सामन्याचं पत्र नेमकं तेव्हाच येतं. खानावळीकडून छापील पावती मिळत नसेल तर साध्या कागदावर नाव, तारीख, ताटांची संख्या, रक्कम आणि सही घ्या. नुसता आकडा लेखापाल मान्य करत नाही.

अभ्यास आणि हजेरी

हजेरीचा नियम ७५ टक्क्यांचा. ६० तासिकांच्या विषयात १५ बुडवता येतात. विभागीय स्पर्धेचे २ दिवस, आंतरविभागीयचे ३ आणि विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर १० दिवसांचं शिबिर धरलं, तर रोज तासिका असलेल्या विषयात हे पंधराच्या पंधरा संपतात. मग तापाने दोन दिवस घरी राहिलेली मुलगी कमी हजेरीच्या यादीत येते. म्हणून खेळाच्या गैरहजेरीचं पत्र निघायच्या आधी द्यायचं: मुलीचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, तारखा, सोबत विद्यापीठाचं स्पर्धेचं परिपत्रक, आणि प्रत्येक विभागप्रमुखाची पोच. परतल्यावर तीन दिवसांत सहभाग प्रमाणपत्राची झेरॉक्स त्याच पत्राला टाचायची. सत्राच्या शेवटी एकगठ्ठा पत्रं घेऊन फिरलात तर शिक्षकांची कुरकुर रास्त आहे.

परीक्षेचा पेच वर्षानुसार वेगळा. मुंबई विद्यापीठात पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा सहसा कॉलेज घेतं, तिथे प्राचार्यांना लेखी अर्ज करून वेगळी व्यवस्था होऊ शकते. पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या विद्यापीठाच्या. तो पेपर हलत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलींचं वेळापत्रक हातात पडताच सामन्यांच्या तारखांशी लावून बघा, आणि त्यांच्या जागी बाकी मुलींतून कोण चढाई करेल ते आधीच ठरवा. अंतर्गत चाचण्या आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं हीच खरी डोकेदुखी, कारण त्यांच्या तारखा आठवडाभर आधी फलकावर लागतात. प्रयोगशाळेत बॅच बदलून घेता येते. सत्राच्या सुरुवातीलाच खेळाडूंना सकाळची बॅच मागा.

२० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाची श्रेयांक रचना आली. त्यात पहिल्या दोन वर्षांत दर सत्राला सहअभ्यासक्रमाचे २ श्रेयांक आहेत आणि खेळ त्यात बसतो. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, दोनाचे ६०. सव्वा तासाची ६० सत्रं धरली तर ७५ तास भरतात, पण सत्राच्या मुदतीत आणि वहीत नोंदलेले. सरावाची वही प्रशिक्षकाच्या मोटारसायकलच्या डिकीत असेल तर श्रेयांक मिळत नाहीत. शिवाय मुंबई विद्यापीठाच्या ओ. २२९-ए या अध्यादेशात खेळाडूंना कमाल १० गुणांची सवलत आहे. चालू परिपत्रक पाहून तिचा प्रस्ताव निकालाच्या आधी परीक्षा विभागात गेला पाहिजे.

अभ्यासाचा एक तास सरावाला जोडून ठेवावा, असं सगळे सुचवतात. गाडी गाठणाऱ्या मुलीला तो तास नसतोच. त्याऐवजी दुपारी तासिका नसलेल्या वेळेत ग्रंथालयात एक टेबल धरा आणि बुडालेल्या तासिकांच्या नोट्स कोणाकडून घ्यायच्या ते प्रत्येक विषयाला एक-एक वर्गमैत्रीण ठरवून द्या. खेळाडू नसलेली मैत्रीण जास्त भरवशाची.

अंगाची काळजी

सुरुवातीलाच उपजिल्हा रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२च्या खाली असेल तर गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि तोवर दमाचा सराव कमी. चढाईत श्वास तुटणाऱ्या मुलीला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून बसवण्याआधी हा आकडा बघा. वजनाची मर्यादा ७५ किलो आहे. ७३च्या वर असलेल्या मुलीला महिनाभर आधी सांगा, आदल्या दिवशी उपाशी ठेवू नका. नखं कापलेली, बांगड्या-कानातले काढलेले, अंगाला तेल नाही. एवढं पंच बघतातच. जर्सीचा आकडा पुढे ४ इंच, मागे ६ इंच. शॉर्ट गडद रंगाच्या घ्या आणि पेटीत पॅड ठेवा, मागावे लागू नयेत असे वरच. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन सूज आली तर मालीश, लेप काही नाही, बर्फ आणि हाडांचे डॉक्टर.

मुंबईचा प्रवास

आंतरविभागीयचं पत्र हातात पडतं तेव्हा चार-सहा दिवस उरलेले असतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे ते केव्हाच भरलेलं. तत्काळ एक दिवस आधी, वातानुकूलितचं सकाळी १०ला आणि स्लीपरचं ११ला. एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी बसतात, म्हणजे १४ जणांची चार तिकिटं. चार माणसं तयार ठेवा आणि व्यवस्थापिका मुलींच्या तिकिटावर असेल असं बघा. नाही जमलं तर रात्रीची एसटी, अर्ध्या भाड्यात. सामना सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच पोचा. रात्रभर महामार्गाचे खड्डे खाऊन सकाळी मॅटवर उतरलेल्या संघावर पहिल्या दहा मिनिटांत लोण बसतो, म्हणजे सगळा संघ बाद होतो. राहण्याची सोय मरीन लाईन्सच्या क्रीडा संकुलाच्या किंवा सामन्याच्या जागेच्या किती जवळ आहे, न्हाणीघरं वेगळी आहेत का, हे व्यवस्थापिकेने फोनवर स्वतः विचारावं. पालकांचं संमतिपत्र प्रत्येक प्रवासाचं वेगळं, त्यावर परतीची तारीख आणि घ्यायला कोण येणार त्याचा नंबर.

प्रमाणपत्रं

शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या पदाला कुठल्या स्तराची कामगिरी लागते हे शासन निर्णयात दिलेलं आहे, ते मुलींना पहिल्या वर्षीच वाचून दाखवा, म्हणजे गावच्या स्पर्धेची ढाल आणि आंतरविद्यापीठाचा कागद यातला फरक कळतो. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात होते: रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोल्हापूर, रायगडसाठी मुंबई. पडताळणीत मूळ प्रमाणपत्राबरोबर प्रवेशिकेची प्रत, विद्यापीठाचं निवडपत्र आणि स्पर्धेचा अधिकृत निकाल मागतात, आणि हे कागद चार-पाच वर्षांनी मुलीला शोधून सापडत नाहीत. दर स्पर्धेनंतर त्यांची एक प्रत कॉलेजात वर्षवार फाईलला लावा, दुसरी तिला द्या. प्रमाणपत्र लॅमिनेट करू देऊ नका; पाठीमागे शिक्का मारता येत नाही.